टाळू

खैरुद्दीन मास्तरांचं डोकं मला पाठ होतं.
मागं दोन भोवरे, उजव्या कानामागं तीळ,
कपाळाच्या वर, लहानपणी रहाटाला आपटल्याची खोक.
सेलूच्या उर्दू शाळेत भूगोल शिकवायचे.
दर दुसऱ्या रविवारी, दुकानाचं शटर अर्धंच वर असताना
वाकून आत यायचे.

त्या रविवारी पाणी मारून केस चोळताना
डाव्या अंगाला, भांगाच्या जरा मागं
बोट थांबलं.
गाठ म्हणावी तर सरकत नव्हती.
टेंगूळ म्हणावं तर दुखत नव्हतं.
हाडच होतं, पण चाळीस वर्षांत
असलं हाड माझ्या बोटाला भेटलं नव्हतं.
"मास्तर, इथं उंच लागतंय."
"बालाघाट असेल, मुंजाजी,"
आरशातून म्हणाले, आणि हसले.

दिवाळीपर्यंत बालाघाटाची सुपारी झाली.
संक्रांतीला टोपी वाकडी बसायला लागली.
मग मीच कात्री खाली ठेवली.
म्हणालो, फोटो काढून येईस्तोवर
हे डोकं मी धरणार नाही.

आजाराचं नाव एवढं लांब
की मास्तरांनी ते तिकिटाच्या मागं लिहून घेतलं
आणि जालन्यापर्यंत तोंडातल्या तोंडात घोकत राहिले,
जणू कुठल्या तरी देशाची राजधानी.
फार थोड्यांना होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
कवटीच्या हाडातच उगवतं, हाडच खात वाढतं.
तेवढं हाड काढावं लागेल.
मग विचारलं, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?
मास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं.
मी सवयीनं उठून उभा राहिलो.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डबॉय मशीन घेऊन आला.
मास्तर म्हणाले, "ह्याच्याशिवाय कुणी नाही."
बाईंनी मला निळी टोपी दिली,
हात तीन वेळा धुवायला लावले,
मशीन माझ्या हातात दिलं.
वस्तरा नाही, एवढंच म्हणाल्या.
केस पडले. जांभळ्या पेनानं त्यांनी गोल काढला.
माझं बोट तिथं आधीच जाऊन आलं होतं.

पाच तास मी बाहेरच्या बाकावर
येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी बघत बसलो.
दुसरं काय येतं मला.

नवं हाड साच्यातून बनून यायचं होतं.
तोवर अडीच महिने तेवढी जागा उघडी,
वरून नुसती कातडी.
टाके सुकल्यावर मास्तर दुकानात आले,
टोपी काढली, खुर्चीत बसले.
मी बघतच राहिलो.
कातडी हलत होती.
खाली, वर. खाली, वर.

अख्ख्या गल्लीची जावळं मी काढलीत.
आईच्या मांडीवरची, मामाच्या मांडीवरची,
रडून रडून निळी पडलेली पोरं.
टाळूवर आलो की माझा श्वास आपोआप थांबतो,
वस्तरा तिथून पिसासारखा जातो.
एकोणसाठाव्या वर्षी माणसाला
पुन्हा टाळू फुटलेली
मी पहिल्यांदा बघत होतो.

"काय झालं मुंजाजी?"
"काही नाही. जीव दिसतोय."
मास्तर गप्प झाले.
मग स्वतःचा हात वर नेला,
आणि न लावताच खाली घेतला.

लहान कात्रीनं, कडेकडेनं कापलं.
निघताना मास्तरांनी दहा रुपये कमी दिले:
"एवढा प्रदेश तू भादरला नाहीस."

आता तिथं पत्रा आहे. बाहेरून कळत नाही.
टाक्यांच्या रेघेवर केस येत नाहीत,
आणि थंडीच्या दिवसात बोटाला तेवढा भाग
शेजारच्या हाडापेक्षा उशिरा ऊन होतो.
मास्तर पुन्हा पुरे पैसे देतात.

पोरगा म्हणतो, बाबा, गिऱ्हाईक खोळंबतं,
सरळ मशीन लावत जा.
मी आधी कोरड्या बोटांनी डोकं फिरून घेतो.
कालच कॉलेजातला एक पोरगा वैतागला,
"काका, काय शोधताय?"

"काही नाही," म्हणालो. "मान खाली कर."